भीमसेन जोशींच्या ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून कशा ऐकाव्यात

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत पंडित भीमसेन जोशींच्या कोणत्या ध्वनिमुद्रिका सर्वांत सरस, हा वाद एकदा निघाला की सहसा मिटत नाही. एक जण म्हणतो की अभंगांपुढे बाकी सगळे फिके आहे, दुसऱ्याला तोडी रागाच्या एलपीपलीकडे (मोठ्या तबकडीपलीकडे) काही दिसत नाही, आणि घरात कुणी कन्नड माध्यमातून शिकलेले असेल तर ते दासपदांची, म्हणजे कन्नड संतांच्या भक्तिपदांची, बाजू घेऊन बसते. हा वाद लांबतो त्याला आवडीनिवडीपेक्षा ऐकण्याची पद्धत अधिक जबाबदार आहे, असे माझे मत आहे. एकाने मूळ तबकडी ऐकलेली असते, दुसऱ्याने रेडिओवरून भरून घेतलेली कॅसेट ऐकलेली असते, तिसऱ्याने फोनवर आलेली कुठली तरी फाईल ऐकलेली असते. आणि तिघेही आपण एकाच गाण्याबद्दल बोलतो आहोत अशा समजुतीने तीन निराळ्या गोष्टींवर भांडत असतात.

कोणत्याही अल्बममध्ये किमान चार जणांचा हात असतो: गायकाचा, चाल बांधणाऱ्याचा, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा, आणि पुढे कित्येक वर्षांनी तेच मुद्रण नव्या वेष्टनात बाजारात आणणाऱ्याचा. एखादा अल्बम आवडला किंवा नावडला, तर त्याचे श्रेय किंवा दोष या चौघांपैकी कुणाच्या पदरात टाकायचा, हे आधी ठरवता आले पाहिजे. पुढे दिलेली पद्धत त्यासाठी आहे. तिला महागडी सामग्री लागत नाही. एक बरा हेडफोन, घरातली बाजाची पेटी, एक वही आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी एवढे पुरे.

आधी मुद्रण कोणते ते ठरवावे

ऐकण्याच्या ॲपवर भीमसेनजींचे नाव टाकले की अल्बमांची लांबलचक यादी समोर येते आणि नवख्या श्रोत्याची समजूत होते की त्यांनी तेवढे अल्बम केले. प्रत्यक्षात एकच अभंग, एकाच दिवशी, एकाच स्टुडिओत गायलेला, ‘भक्तिमाला’, ‘विठ्ठलगीते’, ‘आषाढी विशेष’ अशा धाटणीच्या कितीतरी संकलनांतून फिरत असतो. म्हणून तुलना सुरू करण्यापूर्वी आपल्यासमोर मुळात दोन वेगळी मुद्रणे आहेत की एकाच मुद्रणाच्या दोन प्रती आहेत, हे तपासावे. गाण्याची लांबी मिनिटे-सेकंदांसह टिपून घ्यावी, मग सुरुवातीचा अर्धा मिनिट लक्षपूर्वक ऐकावा: तंबोरा आधी सुरू होतो की पेटी, पखवाज कितव्या मात्रेला उचलतो, पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी श्वास ऐकू येतो का. या तीन गोष्टी जुळल्या तर मुद्रण एकच आहे असे धरून चालायला हरकत नाही. ॲपवर गाण्याखाली जे साल दिसते ते बहुधा पुनर्प्रकाशनाचे असते, त्यामुळे त्यावरून गायकाचे वय काढण्याच्या फंदात पडू नये.

हाती जुनी तबकडी असेल तर काम सोपे होते. कव्हरच्या पाठीमागचा मजकूर वाचावा, कारण संगीतकाराचे आणि साथीदारांचे नाव तिथे असण्याची शक्यता असते आणि ॲपवर नेमके तेच गाळलेले असते. एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर क्रमांकाआधीची अक्षरेही बोलकी असतात. ‘ईएएलपी’ असेल तर मुद्रण मोनो आणि ‘ईएएसडी’ असेल तर स्टीरिओ. हा तपशील केवळ संग्राहकांच्या हौसेचा नाही. मोनो तबकडीत आवाज, पेटी आणि तबला एकाच रेषेत उभे असतात आणि गायकाचा आवाज जड, जवळचा वाटतो. स्टीरिओत साथ दोन्ही बाजूंना पांगते आणि तोच आवाज थोडा मोकळा वाटतो. या फरकाला आपण ‘त्या काळी आवाज जास्त भारदस्त होता’ असे म्हणून मोकळे होतो, आणि गायकाच्या खात्यावर ध्वनिमुद्रकाची जमा धरतो.

वेग बरोबर आहे का

पुष्कळ जण ही पायरी गाळतात, आणि तुलना इथेच बिघडते. तबकडीची गती मिनिटाला ३३⅓ फेऱ्या असायला हवी आणि कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी. पण पट्टा सैल झालेला रेकॉर्ड प्लेअर आणि मोटर थकलेला टेपरेकॉर्डर यांचा या नियमाशी फारसा संबंध उरत नाही. अशा यंत्रावरून कुणी फाईल बनवली तर चूक कायमची तिच्यात उतरते. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की पट्टी पूर्ण अर्ध्या सुराने चढते, म्हणजे पेटीवरच्या काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाऊन बसते. गायक तरुण वाटू लागतो, तान अधिक चपळ भासते, आणि आपण त्या मुद्रणाला ‘उमेदीच्या काळातले’ असे प्रशस्तिपत्र देऊन टाकतो.

तपासण्याची रीत अशी आहे. गाण्यातला तंबोरा स्पष्ट ऐकू येईल अशी जागा शोधावी. ती बहुधा अगदी सुरुवातीला किंवा दोन ओळींच्या मधल्या विसाव्यात सापडते. तिथला षड्ज (सा) पेटीवर मिळवून पाहावा. तो कोणत्याही पट्टीवर नीट न बसता दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळत असेल, तर वेगाचा संशय घ्यायला जागा आहे, विशेषतः साथीला पेटी असेल तर. कारण पेटीचे सूर गायकाच्या सोयीने वरखाली होत नाहीत. फोनवर सूर दाखवणारे मोफत ॲप घेतले तर पेटीचीही गरज नाही. दुसरी खूण लांबीची आहे. एकाच मुद्रणाची एक प्रत २२ मिनिटांची आणि दुसरी पावणेएकवीस मिनिटांच्या आसपास भरत असेल, आणि दोन्हींत एकही ओळ कमी-जास्त नसेल, तर दुसरी प्रत अर्धा सूर चढलेली आहे. फाईलचा वेग संगणकावर दुरुस्त करता येतो. मात्र तसे करताना वेग आणि पट्टी दोन्ही एकदम खाली आणणारा पर्याय निवडावा, फक्त पट्टी उतरवणारा नव्हे.

आवाजाची पातळी समान करण्याबद्दल थोडक्यात सांगतो. दोन मुद्रणांपैकी जे मोठ्याने वाजते ते आपल्या कानाला अधिक चांगले वाटते, त्यात श्रोत्याच्या जाणकारीचा काही संबंध नाही. म्हणून दोन्ही प्रती सारख्या पातळीवर आणाव्यात आणि फोनमधले बास वाढवणारे, सभागृहाचा आभास देणारे सगळे पर्याय बंद करावेत. शक्य असेल तर घरातल्या कुणाला तरी न सांगता आलटून पालटून लावायला सांगावे. वहिनी किंवा धाकटा भाऊ या कामाला उत्साहाने तयार होतात, कारण जाणकार म्हणवणाऱ्या माणसाची फजिती पाहण्याची ती उत्तम संधी असते.

रागाच्या एलपी आणि मैफलीची मुद्रणे

भीमसेनजींचे रागसंगीत ऐकताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते: तबकडीवरचा राग हा वेळेच्या कुंपणात बांधलेला असतो. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत, एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस. या कुंपणाला कमी लेखण्याचे कारण नाही. लहानग्या भीमसेनला घर सोडून गुरूच्या शोधात निघायला लावले ते अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीने, आणि ती त्याने ऐकली होती तीन मिनिटांच्या तबकडीवरच. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे त्यांनी वर्षानुवर्षे जी तालीम घेतली, ती मात्र मिनिटांच्या हिशेबात बसणारी नव्हती. त्यांच्या एलपी ऐकताना या दोन्ही गोष्टींची ओढाताण ऐकू येते, आणि मला ती आवडते.

तुलनेसाठी असा राग घ्यावा की जो एलपीवरही आहे आणि मैफलीच्या मुद्रणातही आहे. मियाँकी तोडी, शुद्ध कल्याण, पूरिया धनाश्री यांपैकी कोणताही चालेल. वही उघडून विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाची आवर्तने, म्हणजे तालाचे पूर्ण फेरे, मोजावीत. समेवर, म्हणजे फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर, एक रेघ ओढायची, बस्स. एका आवर्तनाला पाऊण मिनिट धरले आणि एलपीच्या बाजूवर विलंबितासाठी पंधरा मिनिटे राखली, तर सारे मिळून वीस आवर्तने होतात; त्यांतच आलाप, बोलआलाप, सरगम, ताना सगळे उरकायचे असते. आता तीन गोष्टी टिपाव्यात: तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) पहिल्यांदा कितव्या आवर्तनात लागला, पहिली तान कितव्या आवर्तनात आली, आणि समेवर येण्यापूर्वी ते किती मात्रा आधी मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलतात. मैफलीच्या मुद्रणासाठी हाच तक्ता पुन्हा करावा.

हा तक्ता समोर ठेवला की मत बनवायला आधार मिळतो. माझे मत असे आहे की एलपीवर ते तार षड्जाकडे लवकर निघतात, पण घाई दिसू देत नाहीत. मंद्र सप्तकातले काम आखडते घेऊन ते तिथला वेळ वाचवतात आणि मध्य सप्तकातली बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) शक्य तेवढी शाबूत ठेवतात. मैफलीत उलट मंद्रातच ते इतका वेळ रेंगाळतात की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला राग पुढे सरकणार की नाही अशी शंका यावी, आणि मग एखाद्या आवर्तनात अचानक सगळे धरण फुटते. तानांची ती मुसळधार ज्यांना हवी आहे त्यांनी मैफलीचे मुद्रण घ्यावे. बांधणी ज्यांना हवी आहे त्यांनी एलपी घ्यावी. ज्या परंपरेत ते गात त्या किराणा घराण्याची सूर लावण्याची पद्धत समजून घ्यायची असेल तर मी एलपीचीच शिफारस करीन, कारण स्टुडिओत मायक्रोफोन जवळ असल्याने एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधला प्रवास जितका उघडा पडतो तितका सभागृहात पडत नाही.

साथीकडे दुर्लक्ष करू नये. आप्पा जळगावकरांची पेटी आणि नाना मुळे यांचा तबला ज्या मुद्रणांत आहे, तिथे पेटी गळ्यामागून किती अंतरावर चालते ते ऐकावे. एलपीत हे अंतर ध्वनिमुद्रकाने ठरवलेले असते, मैफलीत वादकाने; म्हणून साथ ‘चांगली’ की ‘मागे पडलेली’ हा निर्णय मैफलीवरूनच करावा.

तंबोऱ्याची कसोटी

मुद्रणाचा दर्जा ठरवण्यासाठी मी गळ्यापेक्षा तंबोऱ्यावर अधिक विश्वास ठेवतो. गळ्याचा आवाज कसाही मुद्रित केला तरी ओळखू येतोच. तंबोऱ्याची जवार (तारांचा गुंजणारा झणकार) मात्र लगेच मरते. मूळ तबकडी चांगल्या स्थितीत असेल तर तिच्यावर खरखर असते, पण खरखरीमागे तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू येतात. तीच तबकडी पुढे ‘स्वच्छ’ करून पुन्हा बाजारात आणताना कुणी खरखर काढण्याच्या नादात वरच्या पट्टीचे ध्वनी कापले असतील, तर तंबोऱ्याच्या जागी नुसती घूंघूं उरते आणि ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे बोथट होतात. काही प्रतींत तर नंतरचा घुमारा चढवलेला असतो. अभंगाला देवळाचा भास यावा असा त्यामागचा हेतू असावा, पण त्याने शब्द पाण्यात बुडतात. दोन प्रतींपैकी कोणती ठेवावी असा प्रश्न पडला तर जिच्यात खरखर आहे पण तंबोरा जिवंत आहे, ती ठेवावी.

अभंग: राम फाटक आणि श्रीनिवास खळे

भीमसेनजींच्या अभंगांवर बोलताना आपण सगळे एका दमात ‘अण्णांचे अभंग’ म्हणतो आणि चाल कुणाची हे विसरतो. तुलना खरी रंगते ती इथे. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’, ‘काया ही पंढरी’, ‘माझे माहेर पंढरी’, ‘अधिक देखणे तरी’ या चाली राम फाटकांच्या आहेत. ‘राजस सुकुमार’, ‘सावळे सुंदर रूप मनोहर’, ‘जे का रंजले गांजले’ या श्रीनिवास खळे यांच्या. दोन्ही गटांतले तीन-तीन अभंग निवडून ते एकाआड एक ऐकावेत. सगळे फाटक आधी आणि सगळे खळे नंतर असे करू नये, कारण कान एका वळणाला सरावला की दुसरे वळण उगीचच परके वाटते.

फाटकांच्या चालीत मुखडा लहान आणि ठाम असतो. ‘तीर्थ विठ्ठल’ घेतले तर अहिर भैरवाचा कोमल रिषभ आणि कोमल निषाद यांनी सगळे वातावरण उभे केले आहे, आणि नामदेवांच्या रचनेत विठ्ठलाचे नाव ओळीत पुन्हा पुन्हा येत असल्याने गायकाला त्याच एका नावावर दरवेळी निराळी जागा घेण्याची मुभा मिळते. इथे एक छोटा प्रयोग करावा. फक्त ‘विठ्ठल’ हे नाव जिथे जिथे येते तिथे बोट ठेवून ऐकावे: कुठे ते ठ्ठ वर आघात देऊन लगेच सोडतात, कुठे शेवटच्या ल वर सूर टेकवून ठेवतात, कुठे पुढच्या ओळीचा पहिला शब्द त्याच श्वासात ओढून घेतात. हा प्रयोग स्टुडिओतल्या मुद्रणावर आणि मग ‘संतवाणी’ या त्यांच्या अभंगगायनाच्या एखाद्या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या मुद्रणावर करावा. स्टुडिओत जागा नेटक्या आणि मोजक्या आहेत. कार्यक्रमात, माउली टाकळकरांचा टाळ पाठीशी असताना, अण्णा त्या एका नावाभोवती इतका वेळ फिरतात की अभंगाची उरलेली कडवी प्रतीक्षेत थांबलेली वाटतात. माझा कौल कार्यक्रमाच्या बाजूने आहे, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हाती मी स्टुडिओतलेच मुद्रण देईन. चालीचा सांगाडा माहीत नसेल तर कार्यक्रमातला विस्तार नुसता पसारा वाटतो.

खळे यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची चाल ऐकताना सोपी आणि गाताना दमवणारी असते. ओळ लांबते, अपेक्षित ठिकाणी विसावत नाही, आणि एखादा सूर असा येतो की तो तिथे का आला हे पुढची ओळ आल्यावरच कळते. अशा चालीत गायकाला स्वतःची भर घालायला जागा कमी उरते. भीमसेनजींसारखा मैफलीचा गायक या शिस्तीत स्वतःला कसा बसवतो, हे ऐकणे हाच या अभंगांचा खरा आनंद आहे. त्यांचा आवाज इथे थोडा आवरलेला असतो, ताना जवळपास नसतात, शब्द मात्र लख्ख असतात. घरातल्या ज्येष्ठांना हे अभंग अधिक आवडतात असे माझे निरीक्षण आहे, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही: तुकोबा काय म्हणतात ते इथे पहिल्यांदाच पोहोचते.

या दोन संगीतकारांची तुलना करण्यासाठी आपल्या भागात एक कसोटी फुकट उपलब्ध आहे, आणि ती कोणत्याही हेडफोनपेक्षा चांगली आहे. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळी, मच्छे या गावांत किंवा खानापूर तालुक्यात कुठेही एकादशीला देवळात भजनी मंडळ बसते. मंडळी जेव्हा ‘रेकॉर्डची चाल’ धरतात तेव्हा ती चाल भीमसेनजींच्या गळ्यावाचून कशी उभी राहते ते ऐकावे. पंधरा-वीस साधे गळे, एक पखवाज, टाळांचा गजर, आणि पट्टी पेटीवाल्याच्या सोयीची. एवढ्यावरही जी चाल तरते, तिचे श्रेय संगीतकाराचे. जी देवळात आल्यावर पोकळ वाटते, तिची जादू गायकाच्या गळ्यात होती. फाटकांच्या चाली मंडळांच्या गळ्यात सहज रुळतात. खळ्यांच्या चाली मंडळे आवडीने ऐकतात, पण गायला घेतल्या की मधली अवघड वळणे झिजून सरळ होतात. म्हणून फाटकांना मोठे आणि खळ्यांना लहान ठरवावे असे अजिबात नाही. खळ्यांनी ती चाल त्या एका गळ्यासाठी बेतली होती, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मोठ्या वाद्यमेळाचा अल्बम

खळे यांनीच संगीत दिलेला ‘राम श्याम गुण गान’ हा लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी यांचा हिंदी अल्बम पुष्कळांचा लाडका आहे. गीते पंडित नरेंद्र शर्मांची आहेत. हा अल्बम अभंगांच्या मापाने मोजू नये. इथे वाद्यमेळ मोठा आहे, गाण्यांची आखणी आधीच पक्की केलेली आहे, आणि दोन अगदी भिन्न जातींचे आवाज एका मायक्रोफोनच्या शिस्तीत आणलेले आहेत. ऐकताना दोन्ही आवाज ज्या ओळीत एकत्र येतात तिथे लक्ष द्यावे: लताबाईंचा सूर सुईच्या टोकासारखा जागेवर पडतो आणि भीमसेनजींचा त्याच सुराला खालून वळसा घालून पोहोचतो. मुद्रण उत्तम आहे, चाली देखण्या आहेत. तरी चाहता म्हणून मला हा त्यांच्या अव्वल अल्बमांत मोडत नाही असे वाटते, कारण व्हायोलिनांच्या दाटीत त्यांच्या आवाजातला खर्ज अर्धाअधिक झाकला जातो. ज्यांना लताबाईंसाठी हा अल्बम ऐकायचा आहे त्यांचा निकाल वेगळा असेल आणि तो त्यांच्या जागी बरोबर आहे.

‘गुळाचा गणपती’ या १९५३ सालच्या चित्रपटातले ‘इंद्रायणी काठी’ मात्र जरूर शेजारी ठेवून ऐकावे. गदिमांचे शब्द, पुलंचे संगीत, भीमपलासाची छाया, आणि तिशीतला गळा. साथ अगदी बेताची आहे आणि मुद्रण जुन्या मोनो पद्धतीचे आहे, तरी आवाजाची सगळी रुंदी त्यात आली आहे. वाद्ये वाढवल्याने आवाज मोठा होत नाही, हे पटवायला हे एक गाणे पुरते.

दासपदे आणि सीमाभागातला कान

पुण्या-मुंबईच्या मराठी श्रोत्याला जे सहजासहजी जमत नाही ते आपल्याला जमते: भीमसेनजींचे मराठी आणि कन्नड गाणे दोन्ही अर्थासह ऐकणे. त्यांचा जन्म आजच्या गदग जिल्ह्यातल्या रोणचा, १९२२ सालचा, आणि कन्नड ही त्यांची घरची भाषा. तरीही आपल्याकडच्या मराठी संग्रहांत दासपदांची कॅसेट क्वचितच दिसते, याला भाषेच्या वादापेक्षा दुकानांची मांडणी जास्त कारणीभूत असावी. मराठी आणि कन्नड खण वेगळे असत आणि गिऱ्हाईक आपल्या खणापाशीच थांबे.

पुरंदरदासांचे ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ घ्यावे. हे पद कर्नाटक पद्धतीत बहुधा मध्यमावती रागात गातात, आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी ते गायलेले आहे. आधी त्यांचे मुद्रण ऐकावे, मग भीमसेनजींचे. कर्नाटक गायकीत सूर गमकाने (सुराच्या आंदोलनाने) हलता राहतो. भीमसेनजी त्याच पदाला हिंदुस्थानी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) देतात आणि ठेका भजनाकडे झुकवतात. त्यानंतर लगेच त्यांचा एक मराठी अभंग लावावा आणि व्यंजनांकडे लक्ष द्यावे. मराठीत ते जोडाक्षरावर जोर देऊन पुढे सरकतात, कन्नडमध्ये बहुतेक शब्द स्वरात संपत असल्याने त्यांना सूर लांबवायला ओळीच्या शेवटीही जागा मिळते आणि ते ती पुरेपूर वापरतात. माझ्या मते दासपदांत त्यांचा आवाज सर्वांत निवांत आहे, जोर लावण्याची गरज त्यांना तिथे भासत नाही. १९६६ च्या ‘संध्याराग’ या कन्नड चित्रपटातले ‘नंबिदे निन्न नाद देवतये’ हेही याच यादीत ठेवावे. ते भक्तिगीत असूनही त्याची घडण ख्यालाजवळची आहे.

शेजारपाजारच्या कन्नड कुटुंबात अशी कॅसेट असण्याची शक्यता मोठी असते. मागताना आपणही बदल्यात काही न्यावे. अभंगांच्या कॅसेटला तिथेही नकार मिळत नाही.

उतारवयातली मुद्रणे

साठी ओलांडल्यानंतरची, म्हणजे १९८२ नंतरची मुद्रणे तरुणपणीच्या मुद्रणांच्या विरोधात उभी करू नयेत. त्यांत तान विरळ होते, श्वास ऐकू येतो, आवाजाला कडा येते. उलट षड्जावर थांबण्याचे त्यांचे धैर्य वाढलेले दिसते. ही मुद्रणे एकमेकांशीच ताडावीत.

कॅसेटी पावसाळ्यातून वाचवणे

बेळगाव आणि विशेषतः खानापूरकडचा पाऊस कॅसेटींचा वैरी आहे. जून ते सप्टेंबर बंद कपाटात राहिलेल्या फितीवर पांढरी बुरशी धरते आणि तीच फीत यंत्रात घातली तर बुरशी हेडला (यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागाला) चिकटून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. म्हणून जुनी कॅसेट खिडकीतून उजेडात धरून दोन्ही गुंडाळ्या तपासाव्यात. पांढरे डाग दिसले तर ती वाजवू नये. डाग नसतील तर आधी पेन्सिलीने थोडी फिरवून फीत चिकटलेली नाही ना ते पाहावे, मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, आणि त्यानंतरच ऐकावी. आवाज दबलेला आला तर लगेच कॅसेटला दोष देऊ नये; हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवल्यावर तंबोरा पुन्हा उघडतो का ते पाहावे. प्रत्येक कॅसेटसाठी हा स्क्रू वेगळा लागतो, कारण ती भरणाऱ्या यंत्राचा कल वेगळा होता.

संगणकावर उतरवून घेताना पहिली प्रत खरखर न काढता, न दाबलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) स्वरूपात ठेवावी आणि फोनसाठी दुसरी लहान प्रत करावी. फाईलच्या नावात गाण्याच्या पहिल्या ओळीबरोबर संगीतकाराचे नाव, स्टुडिओ की कार्यक्रम, मूळ माध्यम तबकडी की कॅसेट, आणि वेग दुरुस्त केला असल्यास किती केला, एवढे लिहावे. सालाची खात्री नसेल तर ती जागा मोकळी सोडावी. अंदाजाने घातलेले साल पुढच्या माणसाकडे गेले की ते पुरावा म्हणून वापरले जाते.